नातीला ऐकू येतं, आजोबांना येत नाही

वाचकाचं पत्र

स. न. वि. वि.

माझं वय ६३, ह्यांचं ६८. आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहतो. मुलगा-सून ऐरोलीला असतात. नात सहावीत आहे, शनिवार-रविवार ती आमच्याकडेच असते. पण हल्ली ती आतल्या खोलीत झोपायला तयार नसते. म्हणते, "आजी, इथे सारखं कुईंऽऽ वाजतं, माझं डोकं दुखतं." आम्हा दोघांना काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मला वाटलं, हॉलमध्ये झोपून गुपचूप मोबाइल बघायचा असेल, म्हणून मी तिला रागावलेही. खोलीत नवीन असं काही नाही. पावसाळ्यात उंदीर शिरले म्हणून ऑनलाइन मागवलेलं उंदीर पळवायचं यंत्र तेवढं प्लगला लावलंय, पण त्याचा आवाज येत नाही असं डब्यावरच लिहिलंय.

मग मुलाने व्हॉट्सॲपवर आलेला 'तुमच्या कानाचं वय ओळखा' हा व्हिडिओ लावला. नातीला शेवटपर्यंत ऐकू आलं, मुलाला १५ हजारांपर्यंत, मला ११ हजारांपर्यंत. ह्यांना ८ हजारांच्या पुढे काहीच नाही. सगळे हसले, हे हसले नाहीत. तेव्हापासून गप्प गप्प असतात. खरं तर ह्यांचे कान माझ्यापेक्षा तिखट, स्वयंपाकघरात डबा पडला तरी दचकतात. टीव्ही तेवढा मोठा लागतो. गडकरीला नाटकाला गेलो की म्हणतात, हल्लीचे नट शब्द गिळतात. येऊरला गेलो तर म्हणाले, पूर्वीसारखे रातकिडे राहिले नाहीत. मागच्या रविवारी मुलाने "सातला येतो" म्हणून फोन केला, हे आठ समजून बसले आणि वर त्यालाच रागावले. सगळा जन्म वागळे इस्टेटमध्ये कारखान्याच्या प्रेस शॉपला (पत्रे दाबून सुटे भाग काढतात तिथे) गेला, आवाजाचं त्यांना कधीच काही वाटलं नाही.

नात खोटं बोलतेय का? आणि आम्ही बहिरे होत चाललोय का?

— एक आजी, नौपाडा

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी नातीचं. ती खरं बोलतेय. येत्या शनिवारी ती आली की तिला तसं सांगा आणि रागावल्याबद्दल तिची समजूत काढा. आमच्याकडे कान तपासायला येणाऱ्या घरांत हा प्रकार अधूनमधून होतोच. घरातल्या सगळ्यात लहान माणसाला आवाज येतो, बाकीच्यांना येत नाही आणि बहुमताने ते पोर खोटं ठरतं.

माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, असं शाळेत शिकवतात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं; आकडा जितका मोठा तितका सूर उंच. व्हिडिओतले हजारांचे आकडे हेच. त्यातला २०,०००चा आकडा लहान मुलांचा आहे. विशी ओलांडली की वरची कड हळूहळू खाली यायला लागते. चाळिशीच्या आसपास अनेकांची १५-१६ हजारांवर येते, पन्नाशीनंतर १२ हजारांच्या आगेमागे, आणि साठीनंतर १० हजार किंवा त्याहूनही खाली. माणसागणिक फरक असतो, पुरुषांची घसरण सहसा थोडी लवकर आणि जास्त. तुमच्या घरातले आकडे मांडले तर आमच्या वर्गात फळ्यावर काढायचो तोच आलेख होतो. चौघांपैकी कोणीही जगावेगळं नाही.

ही गोष्ट इतकी ठरलेली आहे की तिच्यावर धंदासुद्धा झालाय. २००५ साली वेल्समधल्या बॅरी गावात हॉवर्ड स्टेपलटन यांनी दुकानाबाहेर घोळका करून उभ्या राहणाऱ्या पोरांना हटवायला एक यंत्र काढलं. ते सुमारे १७,४०० हर्ट्झचा आवाज सोडतं. पोरांना तो नकोसा होतो, मोठ्या गिऱ्हाइकांना पत्ताही लागत नाही. त्याचं नाव 'मॉस्किटो'. पोरांनी लगेच तोच सूर मोबाइलची रिंगटोन केला, म्हणजे वर्गात फोन वाजला तरी मास्तरांना कळणार नाही! २००६ साली स्टेपलटन यांना ह्याबद्दल इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाचं गमतीदार पारितोषिक) मिळालं, आणि तेही शांततेचं. गंमत म्हणजे खऱ्या डासाची गुणगुण ४००-६०० हर्ट्झची, चांगली खालच्या पट्टीतली. ती तुमच्या यजमानांना मरेपर्यंत ऐकू येईल, त्यातून सुटका नाही.

तुमच्या मुलाला एक विचारा. घरात जुना डबा टीव्ही होता तेव्हा, आवाज पूर्ण बंद असला तरी टीव्ही चालू आहे हे त्याला बाहेरच्या खोलीतून कळायचं ना? त्या टीव्हीत चित्राच्या ६२५ रेघा सेकंदाला २५ वेळा आखल्या जायच्या. त्याचा गुणाकार १५,६२५, आणि नेमक्या तेवढ्या हर्ट्झची बारीक शीळ तो टीव्ही सतत मारायचा. मुलांना ती ऐकू यायची, आजी-आजोबांना नाही. तेव्हा कोणी मुलाला खोटं पाडलं नाही, कारण टीव्ही समोर दिसत होता. नातीच्या बाबतीत आवाज कशातून येतोय ते दिसत नाही, एवढाच फरक.

बहुधा तेच ते उंदराचं यंत्र. अशी यंत्रं माणसाच्या पल्ल्याबाहेरचा, २०,०००च्या वरचा आवाज काढतात असं सांगून विकली जातात. स्वस्तातली बरीचशी त्याच्या खालीही आवाज सोडतात. डब्यावर 'माणसाला ऐकू येत नाही' असं छापतात, कोणत्या वयाच्या माणसाला ते छापत नाहीत. मोबाइलचे चार्जर आणि एलईडी दिव्यांचे ड्रायव्हरसुद्धा कधीकधी असे कुईं करतात, विशेषतः फोन काढून चार्जर नुसताच प्लगला ठेवला की. म्हणून खात्री करून घ्या. नातीला खोलीत भिंतीकडे तोंड करून बसवा, बटणं तुम्ही तिच्या पाठीमागे एकेक चालू-बंद करा आणि कधी थांबलं ते तिला सांगू दे. मोबाइलवर आवाजाचे सूर उभ्या रेघांनी दाखवणारी फुकट ॲप्स मिळतात, ती स्पेक्ट्रम ॲनालायझर म्हणून शोधा. यंत्राजवळ फोन धरल्यावर १६-१८ हजारांपाशी एकच रेघ सुईसारखी वर आली, तर यजमानांनाही डोळ्यांनी बघता येईल. नातीला हा खेळ फार आवडेल.

आणि मग ते यंत्र काढून टाका. उंदीर अशा आवाजाला काही दिवसांत सरावतात, आणि इतका बारीक आवाज कपाट-पलंगाच्या आड पोचतही नाही. डास पळवणाऱ्या अशाच यंत्रांच्या १० चाचण्या एकत्र तपासून कॉक्रेन ह्या वैद्यकीय अभ्यास पडताळून बघणाऱ्या संस्थेने २००७ साली निष्कर्ष काढला होता की त्यांचा काही उपयोग होत नाही. सिंकखालचं भोक जाळी लावून बुजवा, पिंजरा लावा. लहान मुलाच्या उशाशी तो आवाज रात्रभर नको.

आता वरचे सूर आधी का जातात ते सांगते, कारण पुढचं त्यावर उभं आहे. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी एक वळलेली नळी असते, कर्णशंख. तिच्यात बारीक केसांच्या पेशी ओळीने बसलेल्या असतात, एका कानात साधारण पंधरा हजार. पेटीच्या पट्ट्यांसारखी त्यांची वाटणी असते, तोंडाशी उंच सूर आणि आत शेवटच्या वळणाला खर्ज. हंगेरीत जन्मलेल्या गेओर्ग फॉन बेकेशी यांनी आवाजाची लाट ह्या नळीतून कशी पुढे सरकते ते दाखवलं. त्यासाठी त्यांना १९६१चं नोबेल मिळालं. कुठलाही आवाज आत शिरताना तोंडाशी बसलेल्या पेशींवरूनच पुढे जातो. शिवाय त्या पेशी नाजूक, रक्तपुरवठ्यातल्या कमीजास्तीने लवकर थकणाऱ्या. पक्ष्यांमध्ये अशा पेशी मेल्या तर नव्या येतात, माणसात येत नाहीत. गेल्या त्या गेल्या.

म्हणून यजमानांना १२ हजारांचा सूर ऐकू आला नाही ह्याचं मला काहीच वाटत नाही. त्या सुरांवर आपलं काही अडत नाही. तो व्हिडिओही फार मनावर घेऊ नका. व्हॉट्सॲपवरून फिरताना आवाज दाबला जातो आणि १५-१६ हजारांच्या वरचं बरंचसं छाटलं जातं. मोबाइलचा स्पीकर त्या सुरांना आधीच लंगडा, आणि कधीकधी सूर फाटून भलताच खालचा आवाज निघतो, जो सगळ्यांना ऐकू येतो. "येत नाही का? थांबा, मोठा करतो" म्हणत आवाज चढवला जातो तेव्हा तर नातीच्या कानाशी खेळ होतो, कारण तुम्हाला शांतता असते तिथे तिच्या कानावर तो सूर पूर्ण जोराने आदळत असतो. पुन्हा लावू नका.

मला काळजी वाटते ती तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या गोष्टींची, ज्या तुम्ही जाता जाता लिहिल्यात. टीव्ही, नाटक, रातकिडे, आणि सातचं आठ.

सात आणि आठ तोंडाने म्हणून बघा. दोन्हींत 'आ' ठळक असतो. स्वरांचा जोर मुख्यतः १,००० हर्ट्झच्या आसपास आणि खाली, तो यजमानांना व्यवस्थित पोचतो. 'स' हा नुसता वाऱ्याचा आवाज, ४,००० ते ८,०००च्या पट्ट्यात, आणि स्वराच्या मानाने फारच हलका. तो निसटला की सात 'आत' होतो. शेवटचा त की ठ, हेही एका बारीक फटक्यावर ठरतं. फोनवर तर वरचे सूर मुळातच कापलेले असतात. उरलेल्या 'आऽ'मधून मेंदू जवळचा आकडा उचलतो आणि ठामपणे आठ ऐकतो. यजमान हट्टाने वाद घालत नव्हते, त्यांच्या कानावर खरोखरच आठ पडलं होतं. म्हणूनच अशी माणसं "ऐकू येत नाही" असं कधी म्हणत नाहीत. त्यांची तक्रार असते, "ऐकू येतं, पण समजत नाही", किंवा "लोक पुटपुटतात". गडकरीतले नट शब्द गिळत असतील-नसतील (काही गिळतात, ते मी पैज लावून सांगेन), पण शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या तुम्हाला तेच वाक्य कळत होतं ना? येऊरचे रातकिडेही बरेचसे ३,००० ते ८,०००मध्येच किरकिरतात. रातकिडे आहेत तिथेच आहेत.

आणि हे निव्वळ वयाचं नाही. प्रेस शॉपमधला आवाज शंभर डेसिबलच्या आसपास सहज जातो. ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही सोसण्याची हद्द धरतात, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. ह्या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटं. त्यांनी तिथे पाळीच्या पाळ्या काढल्या. गोंगाटाचं नुकसान कानात ठरलेल्या जागी दिसतं, ४,००० हर्ट्झच्या आसपास एक खड्डा पडतो. वय वरून खाली येत असतं, कारखान्याने मधेच खड्डा पाडून ठेवलेला असतो, आणि साठीनंतर दोन्ही एकमेकांना भेटतात. नेमके बोलण्याच्या पट्ट्यात. "आवाजाचं कधी काही वाटलं नाही" हे वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे सगळीकडच्या निवृत्त कामगारांकडून मी ऐकते. वाटणं थांबतं तेव्हाच कान जायला सुरुवात झालेली असते.

डबा पडला की दचकतात म्हणून कान तिखट, हा तुमचा समज मात्र उलटा आहे. ज्या पेशी हलका आवाज वाढवून देतात आणि मोठा आवाज आटोक्यात ठेवतात त्याच गेल्या, की हलका आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा एकदम अंगावर येतो. मधली पायरी उरत नाही. "जरा मोठ्याने बोल" आणि पुढच्याच मिनिटाला "ओरडू नकोस, बहिरा नाहीये मी", हे घरात होत असेल तर ते ह्याचमुळे.

घरी एक साधी खूण बघा. ताप मोजायच्या डिजिटल थर्मामीटरची पीप, वॉशिंग मशीनची शेवटची पीप बहुतेक २,००० ते ४,०००च्या दरम्यान असते. ती यजमानांना दुसऱ्या खोलीतून सोडा, हातात थर्मामीटर असतानाही कळत नसेल, तर तपासणी लांबवू नका.

तपासणी म्हणजे आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर. नुसता मळ साठलेला असेल तर तिथेच निम्मा प्रश्न सुटतो (घरी तेल, काडी, पेन्सिल काही घालू नका). मग ऑडिओमेट्री. काचेच्या बंद खोलीत हेडफोन लावून २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकवतात आणि ऐकू आला की बटण दाबायचं. ८,०००च्या पुढे नेहमीच्या तपासणीत आम्ही जातच नाही, त्यावरून त्या व्हिडिओतल्या वरच्या आकड्यांची किंमत ओळखा. शब्द ऐकवून ते परत म्हणायला सांगण्याची चाचणीही मागून घ्या. नुसत्या सुरांच्या तपासणीपेक्षा घरातली भांडणं तीच जास्त उलगडते. कळव्याच्या महापालिका रुग्णालयात हा विभाग आहे. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही केंद्र सरकारची संस्था ह्याच कामाची आहे, लोकलने जाऊन येण्यासारखी. मधुमेह आहे का, पूर्वी क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं किंवा कधी जेंटामायसिन घेतलंय का, हे सांगा. ही औषधं वरचे सूर आधी खातात. कारखान्यातली वर्षंही सांगा, नाहीतर सगळं वयावर ढकललं जाईल.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. एका कानाने अचानक, एका दिवसात किंवा रात्रीत ऐकू येणं कमी झालं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे. त्यात पहिल्या काही दिवसांतच औषधाचा उपयोग होतो. एकाच कानात सतत आवाज येत राहिला तरी दाखवा.

घरात बोलताना ओरडू नका. ओरडलं की स्वर मोठे होतात, 'स' तेवढाच राहतो. स्वयंपाकघरातून, मिक्सर आणि एक्झॉस्ट चालू ठेवून हाक मारण्यापेक्षा समोर येऊन, तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोला. आकडे सांगताना "सात, सहाच्या पुढचे" म्हणा. कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा म्हणू नका, शब्द बदला. नाटकाला पुढच्या रांगेतली तिकिटं काढा. टीव्हीवर खाली शब्द येत असतील तर चालू ठेवा, त्यात कमीपणा नाही.

ते गप्प का झाले, ते मला तुमच्या पत्रातून जेवढं दिसतं तेवढं सांगते. सगळ्यांसमोर, नातीसमोर, एका फॉरवर्ड व्हिडिओने त्यांना नापास केलं. शिवाय ज्याचं ऐकणं कमी होतं तो आधी चारचौघांत बोलणं कमी करतो, मग कट्ट्यावर जाणं कमी करतो, आणि घरच्यांना वाटतं स्वभाव बदलला. 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांत ऐकू कमी येणं धरलंय. घाबरवायला सांगत नाही. ऐकू कमी येणारा प्रत्येक जण विसराळू होतो असा त्याचा अर्थ नाही. पण "वयाचं आहे, चालायचंच" म्हणून पाच-सात वर्षं काढणारी घरं मी खूप बघते. तितक्या वर्षांत मेंदूची ती बारीक अक्षरं टिपायची सवय मोडते, आणि मग कानाचं मशीन लावलं तरी जुळवून घ्यायला जड जातं.

नातीचे कान मात्र जपा. आज ती १७ हजारांचा सूर ऐकतेय ही काही कायमची ठेव नाही. हेडफोनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी आहे, मुलांना त्याहूनही कमी. दहीहंडीला, मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर तिला खांद्यावर घेऊन उभं राहू नका. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल हा नियम २०००पासून कागदावर आहे. आपल्या ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर त्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत गेले, २०१६ला सविस्तर निकालही लागला. तरी राम मारुती रोडवर सणाच्या दिवशी काय चालतं ते मी तुम्हाला सांगायला नको. कापूस घालून भागत नाही. मेडिकलमध्ये फोमचे इयरप्लग मिळतात, ते पर्समध्ये ठेवा.

मशीन लागेल की नाही ते ऑडिओग्राम (ऑडिओमेट्रीत निघणारा आलेख) बघूनच ठरेल. लागलंच, तर ऑनलाइन मिळणारं स्वस्त 'कानाचं यंत्र' घेऊ नका. ते सगळंच सरसकट मोठं करतं, डबा पडल्याचा आवाजसुद्धा, आणि यजमान दोन दिवसांत ते कपाटात टाकतील. त्यांच्या ऑडिओग्रामप्रमाणे जिथे खड्डा आहे तेवढंच वाढवणारं आणि मोठा आवाज अडवणारं डिजिटल मशीन हवं. १६ हजारांचे सूर कुठलंही मशीन परत आणणार नाही, 'स' आणि 'त' आणेल. विकत घेण्याआधी काही दिवस वापरून बघायला मागा, आणि वापरून बघायचं म्हणजे क्लिनिकच्या शांत खोलीत नाही. ते लावून दोघं जांभळी नाक्याला भाजी आणायला जा, भाव त्यांना विचारू द्या. पहिल्या दिवशी रिक्षांचा आणि पिशव्यांचा आवाज नकोसा होईल. मशीन काढून न टाकता परत जाऊन सेटिंग बदलून घ्या. दोन-तीन फेऱ्या लागतातच, त्या किमतीत धरलेल्या असतात का, ते आधीच विचारून घ्या.